पानें मांडण्यापूर्वींचा तास

सायंकाळीं सात वाजतां या, असें आमंत्रण असतें. सव्वासातला पहिलें कुटुंब दारांत उभें राहतें, शेवटचें कुटुंब वाहनांच्या गर्दींत अडकून पावणेनऊला पोंचतें, आणि पानें मांडलीं जातात तीं सव्वानऊ वाजतां. मधल्या या दोन तासांत यजमानाच्या दिवाणखान्यांत जें चालतें, त्यावर त्या मेजवानीचें यश पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. चक्का किती घट्ट झाला आणि मसालेभात मोकळा होईल कीं नाहीं, याची काळजी गृहिणी दोन दिवस आधींपासून वाहत असते. परंतु उन्हातान्हांतून, जिने चढून, घामेजून आलेला मनुष्य पहिल्या पांच मिनिटांत काय पिईल आणि पुढें दीड तास काय चघळील, हा विचार बहुधा बाजारांतील बाटल्यांवर व वेफरांच्या पुड्यांवर सोंपविलेला असतो. परिणाम ठरलेलाच. मुलें गोड पाण्यानें व तळणानें पोटें भरून घेतात, मोठीं माणसें भज्यांचा तिसरा घास नको नको म्हणत घेतात, आणि ज्या पानासाठीं घरांतील बायका दिवसभर चुलीपाशीं राबल्या, तें पान अर्धें टाकून पाहुणे उठतात.

हा प्रश्न आजचा नव्हे. आपल्या गृह्यसूत्रांनीं त्याचा विचार केलेला आहे. घरीं आलेल्या पूज्य अतिथीस प्रथम आसन, मग पाय धुण्यास पाणी, मग अर्घ्य, आचमनास पाणी, आणि त्यानंतर मधुपर्क द्यावा, असा क्रम आश्वलायन गृह्यसूत्रांत सांगितला आहे. मधुपर्क म्हणजे दह्यांत मध कालविलेला पदार्थ; मध न मिळाल्यास तूप घालावें अशी सवलतहि तेथेंच आहे. हा मान कोणाचा, तर यज्ञास बोलाविलेला ऋत्विज, स्नातक, राजा, आचार्य, सासरा, चुलता आणि मामा यांचा. विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे तें पुढचें बंधन. अतिथीनें तो सगळा खाऊं नये आणि तृप्ति होईपर्यंतहि खाऊं नये, असें सूत्रकार बजावतात. पुढें जेवण आहे, हें त्यांच्या ध्यानांत असावें असें वाटण्यास जागा आहे. आजहि विवाहांत वराला मधुपर्क देतात. भटजींच्या घाईंत तो विधि एका चमच्यांत उरकतो हें खरें, पण मूळची कल्पना मोठी शहाणपणाची होती. थोडें द्यावें, थंड द्यावें, आंबटगोड द्यावें, आणि पोट भरूं देऊं नये.

या शहाणपणाला शास्त्राचा आधार मिळाला तो पुष्कळ नंतर. रशियांतील शरीरशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव यांना १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तें पचनक्रियेवरील त्यांच्या संशोधनाबद्दल. अन्न पोटांत पोंचण्यापूर्वींच, केवळ त्याच्या दर्शनानें, वासानें व चवीनें जठरांत पाचक रस पाझरूं लागतो, हें त्यांनीं कुत्र्यांवरील प्रयोगांनीं दाखवून दिलें. आंबट पदार्थानें तोंडास पाणी सुटतें हा तर प्रत्येकाचा अनुभव आहे. चिंचेचें नुसतें नांव काढलें तरी तें सुटतें. याउलट तेलातुपाचा पदार्थ जठरांतून आंतड्यांत उतरला म्हणजे आंतड्यांतून जठराला सावकाश चालण्याची सूचना जाते, आणि पोट भरल्याची जाणीव उत्पन्न होते. ही जाणीव येण्यास थोडा वेळ लागतो. म्हणून साडेसातला खाल्लेल्या बटाटेवड्याचा हिशेब आठ वाजतां मनुष्याच्या ध्यानांत येतो, आणि नऊ वाजतां यजमान आग्रह करूं लागतात तेव्हां तो कसनुसा हंसतो.

युरोपांतील लोकांनीं या तासाला एक नांवच देऊन ठेवलें आहे. फ्रेंच लोक जेवणापूर्वींच्या पेयास ‘आपेरितीफ’ म्हणतात; तो शब्द ‘उघडणें’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. भुकेचें दार उघडणारें तें पेय. त्यांत बहुधा कडवट वनस्पति घातलेलें मद्य असतें, आणि तें अगदीं लहान पेल्यांतून देतात. सोबतच्या पदार्थांना ते जें नांव देतात, त्याचा शब्दशः अर्थ ‘मुख्य कामाबाहेरचें’ असा होतो. रशियांत या पदार्थांसाठीं वेगळें मेजच मांडलेलें असे आणि पाहुणे त्याभोंवतीं उभ्यानें खात. या चालीरीति साहेबांबरोबर मुंबईच्या क्लबांत आल्या, तेथून कांहीं घरांतहि शिरल्या. पुढें मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालीं झाला. तो महाराष्ट्रांत आजहि अस्तित्वांत असून मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. तें कसेंहि असो, पानावर बसण्यापूर्वीं लहानशा पेल्यांतून भूक जागी करावी ही कल्पना घेण्यासारखी आहे. त्यासाठीं मद्याची गरज नाहीं, कारण त्या कामास लागणारा आंबटपणा व सुगंध आपल्या परसांतच पिकतो.

त्यांत पहिला मान पन्ह्याचा. संस्कृत ‘पानक’ शब्दापासून पन्हें झालें. चैत्रांत गौर झोंपाळ्यावर बसली कीं घरोघर हळदीकुंकवाला पन्हें व आंब्याची डाळ होते, आणि हा जोड किती विचारपूर्वक बसविला आहे तें चाखल्यावांचून कळत नाहीं. एक पातळ व गोडसर, दुसरी कोरडी व तिखटसर. दोहोंस कैरीचा आंबटपणा समान. बसकें, जेवणाच्या जागीं घेण्याचें यांत कांहींच नाहीं. सुवासिनी दहा घरें फिरतात आणि प्रत्येक घरीं घोटभर पितात, तरी घरीं येऊन जेवूं शकतात, हीच त्याची परीक्षा.

पन्ह्यासाठीं कैरी उकडतात किंवा विस्तवावर भाजतात. भाजलेल्या कैरीच्या पन्ह्यास धुराचा किंचित् वास लागतो. तो कित्येकांस फार आवडतो. गर काढून त्यांत दीडपट ते दुपटीपर्यंत गूळ घालावा. नेमकें प्रमाण कैरीच्या आंबटपणावर असतें, म्हणून तें पुस्तकापेक्षां जिभेला विचारावें. वेलदोडा, असेल तर केशर, आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरूं नये; घामावाटे गेलेलें मीठ तें भरून काढतें आणि गोडीचा तवंग मोडतें. हें दाट मिश्रण बरणींत भरून थंड ठेवलें म्हणजे पाहुणे आल्यावर चार चमचे मिश्रण आणि वरून गार पाणी, एवढेंच काम उरतें. साखरेचें पन्हें दिसण्यास स्वच्छ होतें, गुळाचें थोडें गढूळ दिसतें. ज्यांना पेला पाहुण्यांच्या डोळ्यांसाठीं भरावयाचा आहे त्यांनीं साखर घालावी. जिभेचा कौल गुळाकडेच जातो.

कोंकणांत हेंच काम कोकम करतें. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील कोकमाला भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. एप्रिल-मे महिन्यांत फळें पिकून लाल होतात. त्यांच्या वाट्या करून, बिया काढून, त्यांत साखर भरतात आणि कांचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणींत एकावर एक रचून उन्हांत ठेवतात. साखर विरघळून जो गर्द लाल रस सुटतो, तेंच अमृतकोकम. एक भाग रस व चार ते पांच भाग पाणी, किंचित् मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, एवढ्यावर उत्तम पेला तयार होतो. बाजारांत कोकमाच्या नांवानें मिळणाऱ्या बाटलींत पुष्कळदां साखरेचें पाणी व रंग यांचाच भरणा अधिक असतो. घेतांना वेष्टणावरील मजकूर वाचावा. आगळ ही वस्तु निराळी. तो मीठ घालून काढलेला रस असतो, आणि त्याची जागा सोलकढींत आहे. गडबडींत दोन्ही बाटल्यांची अदलाबदल झाली तर पाहुण्याचें तोंड पाहण्यासारखें होतें. कोकमाचें काहींहि बिनकल्हईच्या पितळी भांड्यांत ठेवूं नये, तें कळकतें.

सोलकढी अलीकडे कित्येक खानावळींत आरंभींच लहान पेल्यांतून पुढें करतात. तें फारसें बरोबर नाहीं. नारळाच्या दुधाची ती कढी. तिची जागा भाताबरोबर, किंवा जेवण संपतांना. आरंभींच ती घेतली तर तिच्यांतील लसूण व खोबरें पुढच्या चवींवर पसरून बसतात. त्यापेक्षां पातळ ताक पुष्कळ बरें. तें घुसळून लोणी काढलेलें असावें, त्यांत आलें व हिंग हलक्या हातानें घातलेला असावा आणि कोथिंबीर ऐन वेळीं. हिवाळ्यांत मात्र थंड पेयांचा हट्ट धरूं नये. आल्याचा रस, गूळ व लिंबू घातलेलें ऊन पाणी, किंवा कुळथाचें वा मुगाचें पातळ कढण, वाटीभर दिलें असतां थंडीवाऱ्यांतून आलेल्या माणसाला जो आराम वाटतो तो फसफसणाऱ्या बाटलीनें वाटणार नाहीं.

आणि पाणी? देशावर आजहि खेडेगांवीं पाहुण्यापुढें प्रथम गुळाचा खडा व पाण्याचा तांब्या येतो. उन्हांतून चालून आलेल्यानें एकदम घटाघटा पाणी पिऊं नये, म्हणून आधीं गूळ चघळावयाचा. यांत खर्च नाहीं आणि खटाटोपहि नाहीं. शहरांतील यजमानानें मातीच्या माठांत वाळ्याची लहान जुडी सोडून ठेवली तर पाण्याला जो वास येतो, त्यापुढें बर्फाचे खडे फिके पडतात. बर्फ ही तर उसनी चैन आहे. मुंबईस बर्फ प्रथम आला तो १८३४ सालच्या सुमारास, अमेरिकेंतील गोठलेल्या तळ्यांवरून कापून, भुशांत लपेटून, जहाजानें. त्यापूर्वीं या शहरांत पाहुणचार होत नव्हता असें कोणी म्हणणार नाहीं.

पहिल्या पेल्याला आपल्या समाजांत केवळ चवीचा अर्थ कधींच नव्हता. पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाचें प्रकरण प्रसिद्धच आहे. १८९० सालीं तेथें व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतील अनेक प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांचा त्यांत समावेश होता. पाद्र्यांच्या घरचा चहा व बिस्किटें पुढें आलीं. कोणी तो प्याला, कोणी पेला हातीं घेऊन तसाच खालीं ठेवला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव यांनीं पुढें हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करविलीं आणि गांवांत वणवा पेटला. प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेलें, बहिष्काराची भाषा झाली, श्राद्धपक्षाला ब्राह्मण मिळेनात. शेवटीं १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें, आणि त्याबद्दल सुधारकांकडून त्यांना टीकाहि सोसावी लागली. एवढें सगळें एका पेल्यावरून. ज्यांच्या वांट्याला पेलाच येत नव्हता, त्यांची कथा याहून कितीतरी कठोर. त्यांच्या ओंजळींत पाणी वरून ओतलें जाई. १९२७ सालच्या मार्चच्या २० तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचें पाणी सहस्रावधि अनुयायांसह प्याले, तेव्हां तहान भागविणें हा त्यांचा हेतु नव्हता. हें सर्व आठवण्याचें कारण एवढेंच कीं पेले मोजतांना यजमान कोणाकोणाला मोजतो, तें आजहि पाहण्यासारखें असतें. पाहुण्यांना घेऊन आलेला चालक खालीं गाडींत दोन-तीन तास बसलेला असतो. भांडीं घासण्यास थांबवून घेतलेली बाई मोरीशीं उभी असते. त्यांचा पेला निराळ्या, कान तुटलेल्या कपांतून जात असेल तर त्या घरचें पन्हें कितीहि केशरी असलें तरी बेताचेंच.

आतां पेल्यासोबतच्या बशीविषयीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४३ सालीं, मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. त्या टंचाईच्या दिवसांत आणि पुढेंहि मोठ्या जेवणावळींवर निर्बंध येत राहिले, आणि पंगतीच्या जागीं नुसत्या अल्पोपाहाराचे समारंभ शहरांत रूढ झाले. तेव्हां चिवडा, पेढा व कॉफी हेंच जेवण होतें. टंचाई गेली, पंगती परत आल्या, परंतु अल्पोपाहार कांहीं परत गेला नाहीं. तो जेवणाच्या आधीं येऊन बसला. ज्याची योजना जेवणाच्या बदलीं झाली होती तो पदार्थ जेवणाच्या आधीं दिला तर दोन जेवणें होणारच. समोसा, वडा, कचोरी, पनीरचे तळलेले तुकडे, हे सारे मूळचे पोटभरू. त्यांना त्यांच्या वेळीं मान द्यावा. या तासांत त्यांना दिवाणखान्यांत घेऊं नये.

मग काय ठेवावें? पारशी लग्नाच्या जेवणांत केळीच्या पानावर आरंभीं लोणचें व कुरकुरीत सारिया येतात, मोठे पदार्थ मागाहून. त्यांतलें मर्म असें कीं पहिला घास कुरकुरीत, खारट किंवा आंबट असावा आणि दांतांना काम पडावें, पोटाला पडूं नये. आपल्याकडे याला तोटा नाहीं. विस्तवावर भाजलेला पोह्याचा किंवा उडदाचा पापड, हाताएवढे तुकडे करून. खारे शेंगदाणे, परंतु मूठभरच, कारण शेंगदाण्यांत जवळ जवळ निम्मा अंश तेलाचा असतो आणि तोंड एकदां लागलें म्हणजे बशी संपेपर्यंत हात थांबत नाहीं. काकडीचे काप मीठ व लिंबू लावून. मोड आलेले मूग नुसते वाफवून, त्यांवर बारीक कैरी व खोबरें. पेरूच्या फोडी तिखटमिठाच्या. हुरड्याचे दिवस असतील तर हुरडा, त्यासारखें दुसरें कांहींच नाहीं. मात्र तो थोडाच ठेवणें कोणाला साधेल? मिरगुंडें व कुरडया तळलेल्या असतात, तरी पोकळ व हलक्या. बशींत एकेकाला दोन याप्रमाणें ठेवल्या तर हरकत नाहीं. बश्या लहान असाव्यात आणि त्या पुन्हां पुन्हां भरूं नयेत. यजमानाला हें कृपणपणाचें वाटतें. त्याला पानावरचा आग्रह करावयाचा आहे ना? तो तेथें खुशाल करावा.

एका बाबतींत मात्र काटेकोर राहिलेंच पाहिजे, आणि ती चवीची बाब नव्हे. हल्लीं दहा पाहुणे जमले तर त्यांत एखाददुसरा मधुमेही निघतोच. त्याच्या पुढें गोड पेला येतो. नको म्हणणें अवघड वाटतें, म्हणून तो घेतो. तीनशें मिलिलिटरच्या फसफसणाऱ्या गोड पेयांत सुमारें तीस ग्रॅम, म्हणजे सात-आठ चमचे साखर असते. पन्ह्याच्या मोठ्या पेल्यांतहि ती सहज तितकीच भरते, मग ती साखर असो वा गूळ. गूळ मधुमेहास चालतो ही समजूत निखालस खोटी आहे. त्याच्यासाठीं ताक, किंवा मीठजिरें घातलेलें साखरेवांचूनचें लिंबाचें पाणी त्याच तबकांत ठेवावें, म्हणजे त्याला मागावें लागणार नाहीं आणि चारचौघांत कारणहि सांगावें लागणार नाहीं. याच्या उलट धोका त्याहून मोठा. आठ वाजतां जेवण आहे अशा समजुतीनें ज्यानें घरून निघतांना इन्सुलिन टोंचून घेतलें आहे किंवा साखर उतरविणारी गोळी घेतली आहे, त्याचें जेवण सव्वानऊवर गेलें तर रक्तांतील साखर एकाएकीं खालीं येते. हात कांपूं लागतात, दरदरून घाम सुटतो, बोलणें तुटक होतें. आजूबाजूच्यांना वाटतें कीं मंडळींच्या गर्दीनें म्हातारे घाबरले. अशा वेळीं साखरेचें पाणी किंवा गोड पन्हें तात्काळ द्यावयाचें असतें, आणि तेव्हां तेंच औषध ठरतें. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडांत कांहीं ओतूं नये, डॉक्टरांस बोलवावें. म्हणून आमंत्रण देतांनाच जेवणाची खरी वेळ सांगावी. ‘सात वाजतां या, पानें आठला मांडूं,’ एवढें एक वाक्य पुरतें. उशिरां येणाऱ्यासाठीं सर्वांना ताटकळत ठेवणें ही आदराची रीत समजली जाते. वेळेवर आलेल्यांचा तो अनादर आहे, हें कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

तात्पर्यानें या तासांत सर्वांत अधिक कष्ट कोणाला पडतात, तर घरच्या बाईला. पाहुणे बैठकींत, पुरुष गप्पांत, आणि ती गरम भज्यांचा घाणा काढीत आंत. बाहेरून ‘वहिनी, या ना, बसा ना’ अशी हांक येते. ती ‘आलेंच हं’ म्हणते आणि पुढचा घाणा सोडते. वर सांगितलेल्या पदार्थांत ऐन वेळीं आंचेवर करावयाचा असा भाजलेल्या पापडाखेरीज एकहि नाहीं, आणि पापड घरच्या कोणाहि पुरुषास भाजतां येतो. पन्ह्याचें मिश्रण आदल्या दिवशीं होतें, अमृतकोकम तर उन्हाळ्यांतच करून ठेवलेलें असतें. पेले भरणें व फिरविणें हें काम घरांतील दहाबारा वर्षांच्या मुलामुलींकडे द्यावें. त्यांना तें फार आवडतें, आणि कोणत्या काकांना साखर नको हें तीं मोठ्यांपेक्षां अधिक ध्यानांत ठेवतात. तबकांत पेले तीन चतुर्थांशच भरलेले असावेत, नाहींतर जाजमावर कोकमाचा डाग पडतो. तो डाग पडलाच तर ताबडतोब थंड पाण्यानें टिपावा. साबणाचा खारेपणा लागला म्हणजे त्याचा लाल रंग पालटून निळसर होतो, आणि मग गृहिणीचें लक्ष संध्याकाळभर त्या डागावरच राहतें.